रिक्षाचा नंबर आणि ६१७४

जोगेश्वरी स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत ताटकळत असाल, तर एक खेळ सांगतो. समोरच्या रिक्षाच्या नंबरातले शेवटचे चार अंक घ्या. समजा, ३५२४. उतरत्या क्रमाने ५४३२, चढत्या क्रमाने २३४५, वजाबाकी ३०८७. पुन्हा तेच. ८७३० वजा ०३७८, ८३५२. आणखी एकदा, ८५३२ वजा २३५८, ६१७४. इथून पुढे कितीही वजाबाक्या करा, ६१७४ जागचा हलत नाही.

ही गंमत १९४९ साली जगापुढे आणली दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. जन्म १९०५चा, याच पश्चिम रेल्वेवर पुढे लागणाऱ्या डहाणूचा. नोकरी देवळालीला, शाळामास्तराची.

दहा रिक्षा पाहिल्या, दहाही ६१७४ला पोचल्या, म्हणजे सगळ्याच पोचणार, असं आपण म्हणतो. हे विगमन. शोध बहुधा असेच लागतात. कापरेकर आकड्यांशी खेळत बसले नसते, तर सिद्ध करायला हाती काय होतं? पण भरवसा ठेवाल तर फसाल. तीन अंकी संख्या ४९५वर थांबतात, चार अंकी ६१७४वर; मग पाच अंकींचाही असा मुक्काम असेलच की! नाही. ५३९५५ घ्या. ९५५५३ वजा ३५५५९, ५९९९४. आता ९९९५४ वजा ४५९९९, परत ५३९५५. दोघींची फुगडी सुरू!

मग चार अंकींची खात्री कशी? तिथे निगमन लागतं. मोठ्यापासून लहानापर्यंत अंक अ, ब, क, ड माना. वजाबाकी नेहमी अ आणि ड यांच्या फरकाची ९९९ पट, अधिक ब आणि क यांच्या फरकाची ९० पट. म्हणजे दोन फरक कळले की पुरे. पहिला १ ते ९, दुसरा शून्यापासून फार तर पहिल्याइतका. अशा जोड्या होतात फक्त ५४. (११११सारखे नंबर सोडा, तिथे वजाबाकी शून्यच.) या ५४ उत्तरांचा शेवटपर्यंत माग काढला, की एकही नंबर निसटत नाही, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४. संगणकाने दहा हजार नंबर तपासले तरी ते सिद्धच होतं, पण ‘का’ ते कळत नाही.

शिवाय ९९९ आणि ९० दोन्हींना ९ने भाग जातो, म्हणून प्रत्येक उत्तर ९च्या पटीत. मुलांना हे आधी सांगा. चुकलेल्या बहुतेक वजाबाक्या तिथेच सापडतील.