अंगठा लागत नाही

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी किरकोळ भर घालून लिहून दिलं आहे.)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'संगणक क्षेत्र आणि आजची मुलं'. त्यावर मी बोलणार नाही. आजच्या मुलांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, आणि माझ्या घरात त्यातलीच दोन आहेत, ती मला हे रोज सांगतात. मला विड्यांबद्दल बोलायचंय. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. हसा, पण ऐका.

या मेळाव्याची यादी केली तेव्हा दहावीच्या निकालपत्रावरून नावं काढली. मी गंमत म्हणून सातवीचं हजेरीपत्रक मागवलं. त्यात पंधरा नावं जास्त निघाली. बहुतेक मुलींची, आणि बहुतेक पूर्व भागातल्या. त्यातल्या सहाजणी सापडल्या, चारजणी आज इथं आल्या आहेत. त्यांच्यातली एक सातवीत माझ्या बाकावर बसायची. तिनं मला बोलायची परवानगी दिली आहे, नाव घ्यायची नाही. म्हणून तिला मी मैत्रीणच म्हणते.

तिच्या अंगाला तंबाखूचा वास यायचा. बोटांची टोकं पिवळट-तपकिरी असायची. थंडीत खिडक्या बंद असल्या की मला मळमळायचं. मी बाईंकडे जाऊन जागा बदलून घेतली. एकटी मीच नाही, अजून दोघींनी घेतली. आणि प्रार्थनेनंतर अशा मुलींना नळावर हात धुवायला पाठवायची पद्धत होती, ती तुमच्यातल्या अनेकांना आठवत असेल. मी कोणाकडे बोट दाखवत नाही. तेव्हा त्यात कोणालाच काही वावगं वाटलं नव्हतं, मला तर नाहीच.

एकदा वही आणायला तिच्या घरी गेले होते. एकच खोली, वर पत्रे. अम्मा मांडीवर सूप घेऊन बसलेली, सुपात तंबाखू. बाजूला ओल्या पोत्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. मैत्रीण पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून कात्रीनं पान कापत होती, आई ते भरून, वळून, दोरा गुंडाळून तोंड नखानं दुमडत होती. हात भरतनाट्यम करणाऱ्या मुलीसारखे चालत होते. सुपापासून हातभर अंतरावर तान्हा भाऊ झोपलेला. मला पाहून अम्मा उठली, कप दोनदा धुतला आणि मग चहा दिला. दोनदा का धुतला, हे मला तेव्हा कळलं नाही. आता कळतं.

मैत्रीण शाळेत यायच्या आधी दोनशे पानं कापून यायची. आठवीत तिची शाळा सुटली.

आता थोडं इंजिनिअरिंग. सर, तुम्ही विज्ञान शिकवलंत, चुकलं तर टोका.

निकोटिन पाण्यात विरघळतं आणि कातडीतून शरीरात जातं. शेतात ओली तंबाखूची पानं तोडणाऱ्यांना त्यातून विषबाधा होते, डोकं दुखतं, उलट्या होतात. घरात विडी वळणाऱ्या बाईला एका दिवसात तेवढा डोस बसत नाही, पण दिवस एकच नसतो. तंबाखूत हात घालणाऱ्या, पण एकही विडी न ओढणाऱ्या माणसांच्या लघवीत कोटिनिन सापडतं. निकोटिन शरीरात पचलं की त्याचं कोटिनिन होतं, म्हणजे ते आत गेल्याचा तो पुरावा. त्यात भर म्हणजे भुकटी: ती नाकातून जाते, पांघरुणात बसते, भाकरीच्या पिठावर बसते. दहा तास मांडी घालून वाकून बसल्यावर मान, कंबर, गुडघे जातात ते वेगळंच. आपल्या आयांना विचारा, त्या म्हणतील 'पित्त आहे', 'उन्हाचं आहे', 'वय झालं'. रोगाला नाव मिळेपर्यंत त्याचा धंद्याशी संबंध जोडला जात नाही.

लूमवाल्या घरातल्यांनी नाराज होऊ नये, तुमचंही आहे. आपले वडील घरी इतक्या मोठ्यानं का बोलायचे? आठ तासांसाठी नव्वद डेसिबल ही आपल्याकडच्या नियमातली मर्यादा. लूमच्या शेडमध्ये आवाज त्याच्या वर सहज जातो. सुतारखान्याइतकी धूळ, त्यात कापसाच्या तंतूंची, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळल्यासारखी व्हायची. त्या दुखण्याला बिसिनोसिस म्हणतात. पण शेडला निदान दार आहे, आणि इन्स्पेक्टर दारातून आत येऊ शकतो. विडीचं दार म्हणजे घराचं दार.

मी हे कायद्यातच शोधलं. विडी आणि सिगार कामगारांचा १९६६ चा कायदा २०२५ पर्यंत लागू होता. त्यात हवा, स्वच्छता, गर्दी याबद्दल कलमं होती. ती 'औद्योगिक जागे'ला लागू होती. आणि औद्योगिक जागा म्हणजे काय, तर विडीचं काम जिथं चालतं ती कुठलीही जागा. तिथंच एक कंस होता: राहतं खाजगी घर सोडून. कंस तेवढाच, पण देशातल्या बहुतेक विडी कामगार बाया त्या कंसात बसून विड्या वळत होत्या. सरकारी नोंदींत विडी कामगार पन्नास लाखांच्या आसपास आहेत. आमच्या क्षेत्रात एखादी अट चुकीच्या ठिकाणी लिहिली की त्याला बग म्हणतात आणि रात्रभर जागून तो काढतात.

बालकामगार कायदा १९८६ चा. आपण पहिलीत होतो. बंदी घातलेल्या कामांच्या यादीत विडी होती, पण घरच्यांच्या मदतीनं घरी चालणाऱ्या कामाला सूट होती. म्हणजे माझी मैत्रीण सकाळी दोनशे पानं कापायची ते कायद्यात बसायचं. ही सूट २०१६ च्या दुरुस्तीत आवळली गेली, तोवर तिची मुलगी दहावीला आली होती. आणि जून १९९६, म्हणजे आपला निकाल लागला तोच महिना. त्या महिन्यात जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं घरून काम करणाऱ्यांसाठीचा करार क्रमांक १७७ मंजूर केला. घर हीसुद्धा कामाची जागा आहे, तिथंही सुरक्षा आणि आरोग्याचे नियम लागू, असं त्यात आहे. भारतानं त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

विडीच्या पुड्यावर छापलेलं चित्र तुम्ही पाहिलं असेल. पुड्याचा मोठा भाग आता त्या इशाऱ्यानंच व्यापलेला असतो. तो ओढणाऱ्यासाठी आहे. कारखान्यातून घरी मिळणाऱ्या तंबाखूच्या पिशवीवर कसलाच इशारा नसतो.

आता माझी गोष्ट. मी बोटांचे ठसे पडताळणाऱ्या सॉफ्टवेअरवर काही वर्षं काम केलं. कंपनीचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. ठशातल्या रेषा जिथं संपतात आणि जिथं फुटतात, ते बिंदू यंत्र मोजतं. रेषा झिजल्या असतील तर बिंदू मिळत नाहीत आणि यंत्र नकार देतं. नकार आला की पडद्यावर काय दिसावं, ते वाक्य मी लिहिलं होतं: 'बोट स्वच्छ पुसून पुन्हा ठेवा.' मला तेव्हा ते फार सौजन्याचं वाटलं होतं.

चाचणीसाठी मी मुद्दाम सोलापूर मागून घेतलं, आईला भेटणं होईल म्हणून. पूर्व भागातलं रेशन दुकान. रांगेत एक बाई. तिनं बोट ठेवलं, नकार. पदराला पुसलं, पुन्हा ठेवलं, नकार. तिसऱ्यांदा थुंकी लावून पुसलं. दुकानदार मला म्हणाला, "मॅडम, विडीवाल्या आहेत या. यांचा अंगठा लागतच नाही." तेवढ्यात त्या बाईनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू मागच्या बाकावर गेलेली ना गं?"

पंचवीस वर्षं झाली होती. ती शांतपणे म्हणाली. त्यात तक्रार नव्हती, ओळख पटवण्यासाठी विचारलं होतं. आणि मधे पडद्यावर माझं वाक्य उभं: बोट स्वच्छ पुसून पुन्हा ठेवा.

त्या संध्याकाळी तिच्या घरी गेले. आता ती कुंभारीला राहते, विडी कामगारांसाठी बांधलेल्या दहा हजार घरांच्या वसाहतीत. खोली स्वतःची, भिंती पक्क्या. पण सूप तेच, आणि ते खोलीच्या मधोमध. अम्मा गेली. कशानं, तर "छातीचं होतं." तपासणी झाली होती का? "दवाखान्यात गेलं की त्या दिवशीच्या विड्या बुडतात." मग मी शहाणपणानं मास्क आणि हातमोज्यांचा विषय काढला. ती हसली. मला म्हणाली, "मोजे घालून तू शिवण टाकून दाखव की." पान किती ओलं आहे, तंबाखू किती बसली, हे बोटाला कळावं लागतं. नाही कळलं तर विड्या बाद होतात, आणि बाद विडीचे पैसे कापले जातात.

सुरक्षेच्या शास्त्रातही हेच शिकवतात. आधी धोकाच काढा, नाही जमलं तर माणूस आणि धोका वेगळे करा, मास्क-मोजे सगळ्यात शेवटी. आपण सुरुवातच शेवटापासून करतो, कारण ते स्वस्त असतं आणि फोटोही निघतो.

धोकाच काढायचा म्हणजे विडी बंद करायची. मी स्वतः तंबाखूविरोधी आहे, पण हे वाक्य कुंभारीत उच्चारायची माझी हिंमत झाली नाही. गिरण्या बंद झाल्यावर शहरातली किती घरं त्या सुपावर उभी राहिली, हे आपण पाहिलंय. विडीवर जो कल्याणाचा उपकर होता, ज्यातून कामगारांचे दवाखाने आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या चालायच्या, तो २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर रद्द झाला. योजना त्यानंतर सरकारी तरतुदीवर आल्या. ओढणाऱ्याच्या खिशातून थेट वळणारीसाठी येणारा पैसा थांबला, हे मला बरोबर वाटत नाही. आधी दुसरं काम द्या, मग विडी बंद करा. उलटं केलं तर त्या बाया आणखी वाईट काम धरतील. मैत्रिणीची मुलगी आता युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात जाते. तिथंही पाठ दुखते, पण संध्याकाळी ती काम घरी आणत नाही. मैत्रिणीला याचंच सगळ्यात जास्त अप्रूप आहे.

ते वाक्य मी बदललं. 'यंत्राला ठसा वाचता आला नाही. दुसरं बोट ठेवून पाहा.' एवढं बदलायला तीन बैठका लागल्या. एका वरिष्ठांचं म्हणणं, यंत्राची चूक आपण का कबूल करायची? मैत्रिणीला फोनवर नवं वाक्य वाचून दाखवलं तर म्हणाली, "बरं झालं बाई. पण अंगठा लागतोय का?" नाही, बऱ्याचजणींचा अजून लागत नाही. डोळ्यांवरून किंवा मोबाईलवरच्या आकड्यावरून ओळख पटवायची सोय आहे, पण दुकानदारानं ती वापरली तर.

आता कामाचं. आपल्या निधीतून शाळेला कमान बांधायची ठरते आहे. कमानीला माझा विरोध नाही, थोडी बुटकी बांधू. उरलेल्या पैशांत शाळेच्या हॉलमध्ये विडी आणि लूम कामगारांची तपासणी करता येईल: फुंकर मारून फुप्फुसांची ताकद मोजणारी स्पायरोमेट्री, तोंडाची तपासणी, ऐकण्याची तपासणी, आणि कागदावर 'व्यवसाय: विडी वळणे' अशी स्पष्ट नोंद. आपल्या वर्गातल्या दोन डॉक्टरांनी होकार दिला आहे, तिसरा अजून फोन उचलत नाही, तो समोरच बसला आहे.

वेळ मैत्रिणीनं ठरवून दिली आहे. सकाळी ठेवाल तर कोणी येणार नाही. कारखान्यात विड्या मोजून दिल्यावर, चारनंतर ठेवा. आणि मुलींना सोबत आणा म्हणून सांगा, कारण पानं त्याच कापतात. नोंदीची वही चहाच्या टेबलाशेजारी आहे. तिथं बसलेली बाई सही नको म्हणाली तरी चालेल, नाव मात्र पूर्ण सांगा, तिला अक्षर छान येतं.