औषधांच्या दुकानापुढील बाकडे

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मी विद्वान नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षक झालेला सामान्य मनुष्य. म्हणून अनुभवाचीच एक गोष्ट सांगतो.

आपले वारजे १९९७ साली पुणे महापालिकेत गेले. माझ्या विद्यार्थिदशेत ते मुठेकाठचे शेतीवाडीचे खेडे होते. रस्त्याकडेला औषधांचे एक लहानसे दुकान व त्यापुढे लाकडी बाकडे होते. अमेरिकेत औषधांच्या दुकानांत थंड पेयेही मिळत व तरुण मंडळी तेथे जमत. कोकाकोला प्रथम विकला गेला तो १८८६ साली अटलांटातील अशाच एका दुकानात. आमच्या बाकड्यावर माठातील पाण्याखेरीज काही मिळत नसे. तरीही संध्याकाळी आम्हां मुलांची पावले तिकडेच वळत.

आत अमृतांजन व आयोडीन यांचा संमिश्र वास दरवळे. दुकानदारकाका औषधाच्या बाटलीवर कातरलेली कागदी पट्टी डकवीत. एकेक खाच म्हणजे एकेक मात्रा. हातात काम नसले की ते आमच्याकडून 'सकाळ'चा अग्रलेख मोठ्याने वाचून घेत. उच्चार चुकला की चष्म्यावरून नुसते पाहत. १५ मार्च १९७५ रोजी परीक्षेचे दिवस असूनही आम्ही त्यांच्या रेडिओभोवती बसलो होतो. क्वालालंपूरला भारताने पाकिस्तानला २-१ असे हरवून हॉकीचा विश्वचषक जिंकला. ध्यानचंदांचे चिरंजीव अशोककुमार यांनी विजयी गोल केला. पेढे कोठले! काकांनी बरणीतील खोकल्याच्या गोळ्या वाटल्या.

त्याच वर्षी मी गणितात नापास झालो. वडिलांना तोंड कसे दाखवावे या विवंचनेत दुकानाशी गेलो आणि नको ते औषध मागितले. काकांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. "डॉक्टरांची चिठ्ठी लागते," एवढेच म्हणून त्यांनी मला बाकड्यावर बसविले व दुकान बंद होईतो उठू दिले नाही. मग कुलूप लावून ते मजबरोबर घरी आले आणि वडिलांना म्हणाले, "मुलगा ऑक्टोबरात पास होईल. गणिताचे मी पाहतो." त्यांनी शब्द पाळला, मीही पाळला.

काका आपल्या समाजाचे नव्हते. बाकड्यावर बसणाऱ्याची जात त्यांनी कधी विचारली नाही.

पुढे रस्ता रुंद झाला. दुकान गेले, बाकडेही गेले. आज औषधांची दुकाने पुष्कळ आहेत, परंतु तेथे कोणी बसत नाही. आपले मंडळ दरवर्षी गुणवंतांना पारितोषिके देते, हे योग्यच आहे. मात्र नापास झालेल्या मुलाने त्या संध्याकाळी कोठे जावे?

माझी नम्र विनंती अशी की, आपल्या कार्यालयाच्या ओसरीवर एक बाकडे ठेवावे. ते कोणत्याही मुलास मोकळे असावे. रोज सायंकाळी आपणांपैकी एका निवृत्त गृहस्थाने तेथे दोन तास बसावे. सोमवार माझा.