इंग्रजीच्या तासाला ‘ज्युलिअस सीझर’

(इंग्रजीचे शिक्षक, शिक्षण खात्यातील अधिकारी आणि पंचायतींचे सदस्य यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



इंग्रजीच्या तासाला शेक्सपिअरचे नाटक नेमलेले असते तेव्हा वर्गात बहुधा काय घडते, हे येथे जमलेल्यांना सांगावयास नको. शिक्षक उतारा वाचतात आणि अवघड शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहितात. विद्यार्थी ते उतरून घेतात, परीक्षेच्या आधी गाइड आणतात, ब्रूटसचे स्वभावचित्र पाठ करतात आणि उत्तीर्ण होतात. या सर्व व्यवहारात जी वाक्ये मोठ्याने उच्चारण्यासाठीच लिहिली गेली, ती विद्यार्थ्याच्या ओठांवर एकदाही येत नाहीत. ज्याच्या घरात इंग्रजीचा शब्द कानी पडत नाही, त्या मुलाचे यात दुहेरी नुकसान होते. नाटक तर त्याच्या हाती लागत नाहीच; पण चारचौघांत उभे राहून इंग्रजीत बोलण्याची जी एक संधी शाळेने त्याला सहज दिली असती, तीही हुकते. पुढे नोकरीच्या मुलाखतीत त्याची जीभ अडखळते, तेव्हा आपण त्याच्या बुद्धीला दोष देतो.

महाराष्ट्राला ही नाटके मिळाली ती मात्र अशा मार्गाने मिळाली नाहीत. इंग्रजीच्या वर्गातून ती थेट रंगभूमीवर गेली. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली लोकमान्य टिळकांसह डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढणारे गोपाळ गणेश आगरकर हे पेशाने शिक्षक होते. त्यांचे ‘हॅम्लेट’चे भाषांतर ‘विकारविलसित’ या नावाने १८८३ साली प्रसिद्ध झाले. पुढे शाहूनगरवासी नाटक मंडळीचे गणपतराव जोशी यांचा हॅम्लेट महाराष्ट्रभर गाजला आणि त्या मंडळीच्या नटांना भूमिका समजावून देण्यात प्रा. वासुदेव बाळकृष्ण केळकर यांच्यासारख्या इंग्रजीच्या अध्यापकाचा वाटा होता. गोविंद बल्लाळ देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून १८९० साली ‘झुंझारराव’ रचले. संस्कृत नाटकाचा कल सुखान्ताकडे. भासाचे ‘ऊरुभंग’ हा त्यातला ठळक अपवाद. तरीही मराठी प्रेक्षकाने शोकांतिका आपलीशी केली, ती पुस्तकात वाचून नव्हे, तर नटाच्या तोंडून ऐकून. वि. वा. शिरवाडकरांचे ‘राजमुकुट’ १९५४ साली आले, विंदा करंदीकरांचे ‘राजा लिअर’ १९७४ साली. या परंपरेच्या उगमाशी इंग्रजीचा तास आहे, याचा विसर त्या तासालाच पडावा, हे चमत्कारिक आहे.

वर्गात करावयाचे झाल्यास कोणते नाटक घ्यावे? ‘मॅकबेथ’ला अंधार, चेटकिणी आणि समर्थ नट लागतात. ‘लिअर’ तर मुरलेल्या नटांनाही जड जाते. सर्व दृष्टींनी सोयीचे आहे ते ‘ज्युलिअस सीझर’. इ. स. १५९९ च्या सप्टेंबरात टॉमस प्लाटर नावाच्या स्विस प्रवाशाने लंडनमध्ये ज्युलिअस सीझरविषयीचे नाटक पाहिल्याची नोंद केली आहे. शोकांतिका संपल्यावर नटांनी नृत्य केले, असेही तो लिहितो. गंभीर नाटकानंतर फार्स लावण्याची आपल्याकडील जुनी रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही. नाटकाची कथा प्लूटार्कच्या चरित्रग्रंथातून घेतलेली आहे. रोमचा सत्ताधीश होऊ पाहणाऱ्या सीझरचा त्याच्याच सहकाऱ्यांनी इ. स. पूर्व ४४ मध्ये १५ मार्च रोजी खून केला. मारेकऱ्यांत ब्रूटस हा खरोखर सज्जन आणि राज्याच्या हितासाठी मित्रावर शस्त्र उचलणारा. शीर्षक सीझरचे असले, तरी शोकांतिका ब्रूटसची आहे.

वर्गासाठी घ्यावयाचा तो तिसऱ्या अंकातील दुसरा प्रवेश, म्हणजे सीझरच्या प्रेतापुढची जाहीर सभा. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात इतर नाटकांत दहा जणांना काम मिळते आणि पन्नास जण बघे राहतात. येथे ते पन्नास जण म्हणजेच रोमची जनता. नागरिकांची वाक्ये तीन-चार शब्दांची आहेत आणि ती ओरडून म्हणावयाची असल्याने इंग्रजीला बिचकणारा मुलगाही गर्दीच्या आवाजात आपला आवाज मिसळून पाहतो. एकदा मिसळला, की दुसऱ्या तालमीला तो स्वतंत्र वाक्य मागून घेतो.

आता या सभेत घडते काय, ते जरा बारकाईने पाहू. कारण पंचायत सदस्यांनाही सभा नवीन नाही. ब्रूटस प्रथम बोलतो आणि तो गद्यात बोलतो. वाक्ये तोलून मापून, तर्कशुद्ध. सीझर महत्त्वाकांक्षी होता म्हणून त्याला मारले, असे तो सांगतो. पुरावा मात्र एकही देत नाही. लोक त्याच्या सचोटीवर विसंबून टाळ्या देतात आणि यालाच सीझर करा, असे कोणी तरी ओरडते! ज्या एकाधिकाराच्या भयाने खून केला, तोच अधिकार लोक खुनी माणसाला देऊ करतात. मनातल्या मनात वाचणाऱ्याच्या नजरेतून हे वाक्य निसटते. पन्नास मुलांच्या कोलाहलात ते उच्चारले गेले, की ब्रूटस झालेला विद्यार्थी गोंधळून शिक्षकांकडे पाहतो. हा गोंधळ ब्रूटसचाच आहे.

मग ब्रूटस निघून जातो. शेवटचे बोलणे विरोधकाला देऊन वक्त्याने सभा सोडणे ही केवढी चूक! कॅशिअसने त्याला आधीच सावध केले होते. सीझरचा मित्र अँटनी उभा राहतो आणि पद्यात बोलू लागतो. मारेकऱ्यांची निंदा करावयाची नाही, अशी त्याला अट घातलेली आहे. ती तो शब्दशः पाळतो आणि ‘ऑनरेबल’, म्हणजे माननीय, हा एकच शब्द पुनःपुन्हा योजून अटीचा अर्थ उलटा करतो. या शब्दाचा अर्थ फळ्यावर एकदा लिहून भागत नाही. प्रत्येक वेळी तो निराळ्या स्वरात म्हणावा लागतो. पहिल्यांदा आदराने, मग शंकेने, शेवटी उघड तिरस्काराने. स्वर बदलला की अर्थ बदलतो, हे विद्यार्थ्याला आपल्याच कानांनी कळते. त्याच्या गावच्या सभेतही कोणाला ‘माननीय’ म्हणताना हेच घडत असते, हे तो आपण होऊन बोलून दाखवितो.

भाषणाच्या मध्येच अँटनी थांबतो. दुःखाने आपल्याला बोलवत नाही, असे भासवितो. छापील पुस्तकात या ठिकाणी नागरिकांची चार किरकोळ वाक्ये दिसतात. प्रयोग करताना ध्यानात येते, की सारा प्रवेश येथेच फिरतो. वक्ता गप्प आहे आणि लोक आपापसांत एकमेकांची खात्री पटवीत आहेत. त्यानंतर तो सीझरचे मृत्युपत्र दाखवितो, पण वाचत नाही. झग्यावरील एकेक छिद्र दाखवून कोणता वार कोणाचा, ते सांगतो. तालमीच्या वेळी वर्गाला येथे एक प्रश्न अवश्य विचारावा. खुनाच्या वेळी अँटनीला ट्रेबोनिअसने बाहेर नेले होते. मग कोणती जखम कोणी केली, हे त्याला कसे ठाऊक? गर्दी झालेल्या मुलांना हा प्रश्न त्या क्षणापर्यंत सुचलेला नसतो. ती ओरडण्यात गुंग असतात. आपण फसलो, हे त्यांना कळते तेव्हा वर्गात जी शांतता पसरते, ती कोणत्याही गाइडात सापडणार नाही.

पुढचा छोटा प्रवेश गाळण्याचा मोह होतो. तो गाळू नये. खवळलेल्या जमावाला सिन्ना नावाचा कवी भेटतो. कटात याच नावाचा दुसरा मनुष्य होता. आपण तो नव्हे, असे कवी आक्रोशून सांगतो, तरी केवळ नावासाठी जमाव त्याच्यावर तुटून पडतो. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडच्या रंगभूमीवर हा प्रवेश बहुधा वगळीत. ऑर्सन वेल्स याने १९३७ साली न्यूयॉर्कमध्ये आधुनिक पोशाखात हे नाटक केले, तेव्हा युरोपात हुकूमशहांचा अंमल वाढत होता आणि प्रेक्षकांच्या अंगावर काटा आला तो याच प्रवेशाने. अफवेपायी परक्या वाटसरूला चोर समजून मारल्याच्या बातम्या वाचणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना यावर वेगळे विवेचन लागत नाही.

परदेशांतही या नाटकाने पाठ्यपुस्तकाची चौकट ओलांडली आहे. टांगानिकाचे राष्ट्राध्यक्ष ज्युलिअस न्येरेरे हे मूळचे शिक्षक. लोक त्यांना ‘म्वालिमू’, म्हणजे गुरुजी, म्हणत. त्यांनी ‘ज्युलिअस सीझर’चे स्वाहिलीत केलेले भाषांतर १९६३ साली प्रसिद्ध झाले. दक्षिण आफ्रिकेच्या रॉबेन बेटावरील तुरुंगात सनी वेंकटरत्नम या भारतीय वंशाच्या कैद्याने शेक्सपिअरचा ग्रंथ दिवाळीच्या शुभेच्छापत्रांनी मढवून पहारेकऱ्यांपासून वाचविला. कैदी त्यात आवडत्या ओळींपाशी सह्या करीत. नेल्सन मंडेला यांनी १६ डिसेंबर १९७७ रोजी सही केली, ती याच नाटकातील मरणाच्या भयाविषयीच्या सीझरच्या उद्गारांपाशी.

आता थोडे व्यवहाराचे. प्रथम संपूर्ण कथा मराठीत सांगावी आणि त्यात कमीपणा मानू नये. मग निवडलेले प्रवेश कापून सुमारे २५ मिनिटांचे करावेत. भाषा चारशे वर्षांपूर्वीची आहे हे खरे, तरी या प्रवेशातील शब्द बरेचसे आजचेच आहेत. छंदाची भीती घालविण्यास आपल्याकडे उत्तम साधन आहे. पंचचामर वृत्तात लघु-गुरूच्या आठ जोड्या येतात. शिवतांडव स्तोत्र ज्याने ऐकले आहे, त्याच्या कानात ती चाल असतेच. शेक्सपिअरच्या पद्याच्या ओळीत अशा पाच जोड्या धराव्यात. भेद एवढाच, की इंग्रजीत अक्षर ऱ्हस्व की दीर्घ हे न पाहता आघात कोठे पडतो ते पाहतात. बाकावर टिचकी वाजवून दोन दिवस ओळी म्हणवून घेतल्या, की उच्चार पुष्कळसे आपोआप सुधारतात. शेक्सपिअरच्या काळी स्त्रियांची कामे मुलगे करीत. आपल्याकडेही ते झाले. आज अँटनीचे काम मुलीला देण्यास काही हरकत नाही, आणि वर्गात स्पष्ट बोलणारी मुलगी असेल तर ते तिलाच द्यावे.

अभ्यासक्रम पुरा व्हावयाचा असतो, ही शिक्षकांची अडचण खोटी नाही. परंतु या उपक्रमास आठ-दहा तासिका लागतात आणि अर्थ लिहून देण्यातही तेवढ्याच जातात. मुख्याध्यापकांनी दोन तासिका जोडून दिल्या आणि तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्याने वह्यांबरोबर तालीमही पाहिली, तर शिक्षकाला हुरूप येईल. पंचायतीकडून पैशांची अपेक्षा नाही. समाजमंदिर एका सायंकाळपुरते मिळावे, विजेची सोय व्हावी आणि पालकांना दवंडीने का होईना, बोलावणे जावे. पोशाखाला पांढऱ्या चादरी पुरतात. झग्यासाठी एक जुने लुगडे घ्यावे, म्हणजे ते फाडता येते.

पालकांना इंग्रजी कळत नाही, तेव्हा प्रत्येक प्रवेशाआधी सूत्रधाराने मराठीत चार वाक्ये सांगावीत. त्याच्या तोंडी एक गोष्ट न विसरता घालावी. मृत्युपत्रात सीझरने प्रत्येक रोमन नागरिकाला ७५ द्राख्मा आणि टायबर नदीकाठच्या आपल्या बागा ठेवल्याचे अँटनी भर सभेत सांगतो व त्यावर लोक पेटून उठतात. चौथ्या अंकाच्या आरंभी तोच अँटनी बंद दाराआड दोघा सहकाऱ्यांसह बसला आहे. कोणाला मारावयाचे, त्या नावांवर खुणा चालल्या आहेत. आणि मृत्युपत्र मागवून घेऊन त्यातील देणी कशी कमी करता येतील, याचा तो विचार करतो. हा भाग अर्ध्या मिनिटाचा आहे. तो करताना गर्दीतील मुलांना आत पाठवू नये. रंगमंचाच्या कडेला तशीच बसू द्यावे.