अंदाजाची चूक कोणाच्या पदरी?

(बीड जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



अर्थशास्त्र गणिताची भाषा बोलू लागल्यापासून त्याच्या निष्कर्षांना एक प्रकारचा दरारा प्राप्त झाला आहे. सूत्रातून उतरलेल्या आकड्यापुढे सामान्य माणूस गप्प होतो. परंतु त्यातील पुष्कळसे आकडे मोजलेले नसतात, अंदाजाने काढलेले असतात. अंदाज करणे हा दोष नव्हे. त्यावाचून समाजाचा व्यवहार चालणारच नाही. प्रश्न एवढाच, की अंदाजात जी चूक अटळपणे राहते, तिचा भार कोणी सोसावयाचा?

आपल्या जिल्ह्यातील पीकविमाच पाहू. प्रत्येक शेतकऱ्याचे नुकसान स्वतंत्रपणे मोजणे अशक्यप्राय, म्हणून परिसराच्या सरासरीवर भरपाई ठरवावी, असा विचार प्रा. वि. म. दांडेकर यांनी 1976 साली मांडला. 1979 च्या प्रायोगिक योजनेपासून 2016 च्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेपर्यंत तोच पाया राहिला. विचार सयुक्तिक होता. पण सरासरीच्या पोटात काय दडते, तेही पाहिले पाहिजे.

मागील सात वर्षांपैकी उत्तम पाच वर्षांची सरासरी हेक्टरी 10 क्विंटल धरा. 70 टक्के जोखीमस्तराने उंबरठा उत्पन्न 7 क्विंटल ठरते. मंडळाचे यंदाचे उत्पन्न 5.6 क्विंटल भरले, तर विमा संरक्षित रकमेच्या 20 टक्के भरपाई सर्वांना सारखीच. ते 7 क्विंटल भरले, तर ज्याच्या शेतात दाणाही पिकला नाही, त्याच्याही वाट्याला या सूत्राने शून्य. शिवाय जेथे दुष्काळ वरचेवर पडतो, तेथे मागची सरासरीच खालावलेली असते. म्हणजे आष्टी-पाटोद्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याची जुनी नापिकीच त्याच्या नव्या हक्काला कात्री लावते.

मंडळाचे उत्पन्न किमान 10 पीक कापणी प्रयोगांवरून काढतात. शेताशेतांच्या उत्पन्नात 30 टक्क्यांचे प्रमाण विचलन असेल, तर दहांच्या सरासरीतही सुमारे साडेनऊ टक्के प्रमाण त्रुटी उरते. खरे उत्पन्न 6.5 क्विंटल असता कागदावर 7 येणे मुळीच अशक्य नाही. आणि तेवढ्यावर साऱ्या मंडळाची भरपाई बुडते.

2020 च्या खरिपात बीडमध्ये 80-110 चे सूत्र आले. भरपाई जमा हप्त्याच्या 110 टक्क्यांवर गेली, तर वरचा बोजा राज्य शासनाचा. 80 टक्क्यांहून कमी राहिली, तर कंपनीने 20 टक्के ठेवून उरलेली रक्कम शासनाला परत करावयाची. कंपनीच्या नफ्याला लगाम बसला, तशीच तिच्या तोट्यालाही मर्यादा पडली. अनिश्चितता वाटून घेण्याचे गणित मांडता येते, हे त्यावरून सिद्ध झाले. मात्र ही वाटणी कंपनी आणि शासन यांच्यात झाली; सरासरीची चूक शेतकऱ्याच्याच पदरी राहिली.

म्हणून आपली मागणी गणिताविरुद्ध नसावी. गणित पुरते करावे, अशी असावी. प्रत्येक सरासरीबरोबर तिची त्रुटीही जाहीर व्हावी, प्रयोगांची संख्या वाढावी, आणि जेथे उंबरठा त्रुटीच्या कक्षेत येतो, तेथे संशयाचा फायदा शेतकऱ्याला मिळावा. न्यायालय तो आरोपीला देते. अर्थशास्त्राने तो कष्टकऱ्याला नाकारण्याचे कारण नाही.