यंत्राच्या अंतरंगाकडे जाणारी वाट

संगणकासाठी आज्ञावली लिहिणारी तरुण मंडळी आज गावोगावी आढळतात. त्यांतील बहुतेकांचे काम यंत्राच्या दर्शनी भागात चालते : बँकेचा हिशेब, आगगाडीचे तिकीट, दुकानाची विक्री. परंतु या इमारतीला तळघरही आहे आणि तेथे उतरणारे थोडेच असतात. माणसाने लिहिलेल्या आज्ञा यंत्राच्या अंकभाषेत उतरविणारा कंपायलर, चालत्या आज्ञावलीस मध्येच थांबवून तिचे अंतरंग दाखविणारा डीबगर, आणि एखाद्या उपकरणाच्या पोटात राहून ते चालविणारी एम्बेडेड लिनक्स प्रणाली, ही त्या तळघरातील तीन दालने होत. तेथवरची वाट कशी असते, हे फिनलंडच्या लिनस टोर्वाल्ड्स यांच्या आयुष्यक्रमावरून चांगले समजते.

लिनसचे आजोबा हेलसिंकी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. १९८१ च्या सुमारास त्यांनी व्हिक-२० हा छोटा संगणक घेतला आणि आपल्या आज्ञावल्या ते नातवाकडून टंकून घेऊ लागले. पुढे मुलाने सिंक्लेअर क्यूएल हे यंत्र विकत घेतले. त्याच्यासाठी हवी तशी साधने मिळेनात, तेव्हा आज्ञा लिहिण्याचे साधन आणि असेंब्लर त्याने स्वतःच रचले. असेंब्लर हा कंपायलरचा धाकटा भाऊच म्हणावयाचा. सुतारकी शिकू पाहणाऱ्याने आधी स्वतःचा रंधा घडवावा, तसा हा प्रकार. या अडचणीनेच त्याला यंत्राच्या अंतरंगाशी परिचित केले.

१९९१ च्या जानेवारीत या विद्यार्थ्याने नवा संगणक आणला. विद्यापीठाच्या संगणकाशी घरून संपर्क साधता यावा म्हणून लिहिलेली छोटी आज्ञावली हळूहळू वाढत गेली, आणि सप्टेंबरात सुमारे दहा हजार ओळींची लिनक्सची पहिली आवृत्ती तयार झाली. मात्र ती एकट्याच्या बळावर उभी राहिली असे म्हणणे यथार्थ होणार नाही. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी जीडीबी हा डीबगर १९८६ मध्ये आणि जीसीसी हा कंपायलर १९८७ मध्ये सर्वांसाठी खुला केला होता. त्या कंपायलरवाचून लिनक्स यंत्रात उतरती ना. ही जाणीव ठेवूनच की काय, १९९२ मध्ये टोर्वाल्ड्स यांनीही आपली कृती स्टॉलमन यांच्याच खुल्या परवान्याखाली आणली.

डीबगरविषयी मात्र त्यांचे मत निराळे होते. लिनक्सच्या गाभ्यात डीबगर असावा, अशी मागणी अनेकांनी केली. २००० साली त्यांनी तिला उघड विरोध दर्शविला. डीबगरने दोषाचे लक्षण दिसते, आणि मनुष्य लक्षणावरच मलमपट्टी करून मोकळा होतो. मूळ कारण विचारानेच शोधावे लागते, असा त्यांचा आशय होता. दुसऱ्या पक्षाचे म्हणणेही खोटे नव्हते. वैद्याला नाडीचे ज्ञान असले, म्हणून त्याने नळी वापरू नये असे थोडेच आहे? अखेर २००८ मध्ये असा डीबगर गाभ्यात आला. विचार आणि साधन यांचा हा झगडा या व्यवसायातील प्रत्येकाच्या वाट्यास येतो.

१९९७ मध्ये टोर्वाल्ड्स कॅलिफोर्नियातील ट्रान्समेटा कंपनीत गेले. एका जातीच्या यंत्रासाठी लिहिलेल्या आज्ञांचे दुसऱ्या जातीच्या यंत्रासाठी चालता चालता भाषांतर करणे, हे तेथील मुख्य काम. म्हणजे मार्ग पुन्हा कंपायलरच्याच दालनात आला.

तिसऱ्या दालनातील काम सर्वांत चिकाटीचे. उपकरणाला पुष्कळदा ना पडदा असतो ना कळफलक. त्याच्या आज्ञावलीचे भाषांतर दुसऱ्या मोठ्या संगणकावर करावे लागते, आणि ती मुकाट्याने थांबली, तर एका बारीक तारेतून येणाऱ्या चार अक्षरांवरून दोषाचा माग काढावा लागतो. १९ एप्रिल २०२१ रोजी मंगळावर उडालेल्या, जेमतेम १.८ किलोग्रॅम वजनाच्या ‘इंजेन्युइटी’ हेलिकॉप्टरमध्ये लिनक्सच होती. पाच उड्डाणांसाठी योजिलेल्या त्या यंत्राने २०२४ च्या जानेवारीपर्यंत बहात्तर उड्डाणे केली. पृथ्वीवरून तेथे दुरुस्तीला कोण जाणार? जे शोधावयाचे ते आधीच शोधून ठेवणे भाग होते.

या तळघरात वाहवा थोडी आणि फळ उशिरा. पण एक गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी ध्यानात धरण्याजोगी आहे. येथील ग्रंथ कुलुपात नाहीत. जीसीसी, जीडीबी आणि लिनक्स यांची ओळ न् ओळ कोणत्याही गावातील मुलास वाचावयास मोकळी आहे. दुसऱ्याने लिहिलेले शांतपणे वाचावे, त्यातील एखादा लहानसा दोष शोधावा, त्याचे कारण समजून घ्यावे आणि मगच दुरुस्तीस हात घालावा. या वाटेचे पहिले पाऊल एवढेच आहे. त्याला संगणक लागतो हे खरे. परंतु त्याहून अधिक लागते ते न कंटाळणारे मन.