थंडीची चौकी



परक्या मुलखातला मासा नव्या पाण्यात सोडला, तर तो कुठवर पसरेल हे पुष्कळदा तिथला हिवाळा ठरवतो. माशाचे रक्त आपल्यासारखे ऊन राहत नाही. पाणी जितके गार, तितकाच तो गार. आफ्रिकेतला तिलापिया, ज्याला आपण चिलापी म्हणतो, तोच घ्या. पाणी २० अंश सेल्सिअसच्या खाली गेले की त्याची वीण थांबते. १६ च्या आसपास तो खाणे टाकतो. १० च्या सुमारास अंगातल्या क्षारांचा मेळ बिघडतो, तोल सुटतो आणि तो मरतो.

अमेरिकेत फ्लॉरिडा राज्याच्या दक्षिणेस एव्हरग्लेड्स नावाचा मोठा पाणथळ प्रदेश आहे. मत्स्यपालनाच्या तळ्यांतून व शोभेच्या काचपेट्यांतून सुटलेले उष्ण प्रदेशांतले कितीतरी मासे तेथे वस्तीस आले. जानेवारी २०१० मध्ये तेथे सुमारे दोन आठवडे कडाक्याची थंडी पडली. उथळ पाणी १० अंशांच्याही खाली उतरले आणि हे पाहुणे मोठ्या संख्येने मेले.

मग प्रश्न मिटला काय? नाही. माणसाने खणलेल्या खोल कालव्यांतले पाणी तितके गारठले नाही. तेथे आसऱ्याला गेलेले मासे वाचले आणि काही जाती थोड्याच वर्षांत पुन्हा पसरल्या. जर्मनीत गिलबाख नावाच्या ओढ्याला वीजकेंद्राचे कोमट पाणी मिळते. तेथे गप्पी माशांनीही बिऱ्हाड केले आहे. चौकी निसर्गाने बसवली, मागचे दार आपण उघडले! त्यात पृथ्वीचे हवामान तापत चालले आहे. म्हणजे चौकीच मागे हटणार.

आणि आपल्याकडे? येथे ती चौकी जवळजवळ नाहीच. तिलापिया भारतात १९५२ साली आणला गेला. उजनी जलाशयाचे पाणी ऐन पौषातही १० अंशांपर्यंत उतरत नाही. तेथे आज चिलापी मुबलक सापडते. भोई मंडळींना तिचे चार पैसे मिळतात, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु देशी माशांच्या जागेवर आणि अन्नावर ती हक्क सांगते, हेही विसरता येत नाही.

तेव्हा जेथे हिवाळा राखण करीत नाही, तेथे ती माणसांनीच केली पाहिजे. काचपेटीतला नकोसा मासा नदीत सोडणे ही आपणांस भूतदया वाटते. नदीतल्या माशांवर मात्र तो अन्याय असतो. एकदा सोडलेला मासा परत बोलावता येत नाही.