गटाची गाडी आणि गाडीची वही



या कार्यक्रमात पापडांवर बोलणं झालं, शेळ्यांवर झालं, बँकेच्या कागदांवर तर कितीदा झालं. मी आज गाडीवर बोलणार आहे. आधीच सांगते, मला गाडी चालवता येत नाही. पण आमच्या गटाची जीप चार वर्षं माझ्याकडे आहे. म्हणजे तिची वही माझ्याकडे आहे.

आमची वाडी अकोले तालुक्यात, घाटाच्या बाजूला. डांबरी सडक सुटली की पुढे ५ किलोमीटर दगडमातीचा रस्ता. त्यात दोन ओढे आणि एक उभा उतार. पूर्वी हिरडा, भात, नाचणी डोक्यावर घेऊन सडकेपर्यंत जायचो. व्यापारी तिथे गाडी लावून उभा असायचा आणि भाव त्याचाच. ओझं परत डोक्यावर घेऊन वर कोण चढणार? म्हणून गटाने थोडी बचत, थोडं कर्ज असं करून जुनी फोर बाय फोर पिकअप जीप घेतली. माल थेट राजूरच्या बाजाराला जायला लागला. चालवायला माझे चुलत दीर.

आता दिरांना कोण विचारणार, ‘भाऊजी, ऑइल बघितलं का?’ मीही विचारलं नाही.

पहिल्याच पावसाळ्यात गाडी ओढ्यात बंद पडली. भाऊजींनी पाण्यातच पुन्हा स्टार्टर मारला. एकदा, दोनदा, आणि आतून खाडकन आवाज आला. नंतर मिस्त्रींनी समजावलं ते असं. इंजिन हवा ओढतं आणि दाबतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. इंजिनात पाणी शिरलेलं असताना स्टार्टर मारला की पिस्टन त्या पाण्यावर आपटतो आणि त्याला धरणारा लोखंडी दांडा, कनेक्टिंग रॉड, वाकतो. इंजिन सगळं खोलावं लागलं. गाडी १८ दिवस गॅरेजात होती. बँकेचा हप्ता काही थांबला नाही.

तेव्हापासून ओढा आला की आधी माणूस काठी घेऊन उतरतो. पाणी चाकाच्या मधल्या भागाच्या वर असेल किंवा पाण्याला ओढ असेल, तर गाडी अलीकडेच थांबते. मग कितीही घाई असो. पाण्यात बंद पडलीच तर चावीला हात लावायचा नाही, दोर बांधून बाहेर ओढायची. बाहेर आल्यावर ऑइलची कांडी काढून बघायची. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं की समजायचं आत पाणी गेलंय. मग मिस्त्री येईपर्यंत गाडी तशीच उभी.

आता ज्यासाठी मी मुळात आज आले ते सांगते. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी आम्ही बाजाराला निघालो होतो. मागे भाताची पोती आणि पोत्यांवर सहा बायका. मालाच्या गाडीत माणसं बसवायची नसतात, विम्यातही ती धरलेली नसतात, हे आम्हाला माहीत होतं. तरी बसलो होतो. मीही होते.

उतार लागला की भाऊजी गाडी न्यूट्रलला टाकायचे. डिझेल वाचतं म्हणायचे, आणि आम्हालाही ते बरं वाटायचं. पण गिअर काढला की गाडीला मागे धरणारं इंजिन सुटतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. तो उतारभर ब्रेक दाबून आला. चाकांकडून जळका वास यायला लागला. शेवटच्या वळणाआधी पेडल एकदम मऊ होऊन खाली गेलं. भाऊजींनी गाडी दरडीला घासली म्हणून आम्ही दरीत गेलो नाही. एका मावशींचं मनगट मोडलं. आजही त्यांना भाकरी थापताना तो हात दुखतो.

ब्रेक का गेला? ब्रेकचं ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, मीठ ओढतं तसं. जुनं झालं की त्यात पाणी साठतं. चाकं तापली की त्या पाण्याची वाफ होते आणि पाय दाबला की नुसती वाफ दबते, ब्रेक लागत नाही. आमच्या गाडीचं ब्रेक ऑइल कधी बदललं होतं? भाऊजींना माहीत नाही, आम्हाला नाही, विकणाऱ्यालाही नाही.

मी पोराच्या दप्तरातली एक कोरी वही घेतली ती त्या रात्री.

भाऊजी रागावले. ‘वहिनी, आता तुम्ही मला गाडी शिकवणार?’ म्हटलं, शिकवत नाही भाऊजी, तुम्ही सांगा, मी लिहून घेते. वहीत फार काही नाही. तारीख, किलोमीटर, डिझेल किती भरलं, ऑइल किती घातलं, आणि आवाज आला असेल तर कसला आणि कधी. चढताना, वळताना, की ब्रेक मारताना. ब्रेक ऑइल आता दर दोन वर्षांनी बदलतो, आणि ती तारीख पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात आहे. ज्या गिअरमध्ये उतार चढता येतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. इंजिन बंद करून तर कधीच नाही, ब्रेकला मिळणारा जोरच जातो. मागे फक्त माल. बायका पाच किलोमीटर चालत सडकेला येतात आणि तिथून एसटी धरतात. कुरकुर होते, पण मनगट मोडलेल्या मावशी समोर असल्या की कुणी बोलत नाही.

वहीने आणखी एक काम केलं. एका उन्हाळ्यात डिझेल अचानक जास्त लागायला लागलं. किलोमीटर तेवढेच, डिझेल जास्त. मीटिंगमध्ये कुणी तोंडाने बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात काय आलं ते तुम्ही ओळखलं असेल. भाऊजींनीही ओळखलं. मी वही घेऊन मिस्त्रींकडे गेले. त्यांनी आधी एअर फिल्टर काढला. फुफाट्याने इतका भरला होता की आतून टॉर्च धरली तरी उजेड दिसेना. हवा कमी मिळाली की डिझेल नीट जळत नाही, मागून काळा धूर येतो. नवा फिल्टर बसवला, पुढच्या पंधरवड्यात आकडे पूर्वीसारखे झाले. ते पान मी मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. भाऊजी काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून आकडे सांगायला ते स्वतः घरी यायला लागले.

एक गंमतही सांगते. पहिल्या वर्षी खाचरात गाडी रुतली. फोर बाय फोरचा दांडा ओढला तरी पुढची चाकं ढिम्म. दोन तास ढकलत होतो. शेवटी कळलं, आमच्या जुन्या जीपला पुढच्या दोन्ही चाकांवर एकेक गोल चकती आहे. ती हाताने फिरवून लावली तरच पुढच्या चाकांना जोर मिळतो. सडकेला लागल्यावर दांडाही सोडायचा आणि चकत्याही. कोरड्या डांबरावर चारही चाकांचा जोर लावला तर टायर आणि गिअर झिजतात.

पुष्कळ गट विचारतात, नवी घ्यावी की जुनी? मूळ जीप दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी बनली, आणि पुढे महिंद्रांनी मुंबईत तिची जुळणी सुरू केली. चार पाने आणि एक जॅक असला की रानातही खोलता यावी अशीच ती होती. आमच्या मिस्त्रींचा हात अजून त्याच बनावटीवर बसलाय. एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस ६ लागू झालं. धूर कमी, ते चांगलंच. पण बऱ्याच डिझेल गाड्यांत काजळी धरणारा फिल्टर आला. तो साफ व्हायला गाडी अधूनमधून मोठ्या रस्त्यावर लांब पळवावी लागते. रोज पाच किलोमीटर चढ-उतार करणाऱ्या गाडीत तो तुंबू शकतो, आणि मग संगणक लावून बघणारं गॅरेज लागतं. ते तुमच्यापासून किती लांब आहे, हे आधी बघा. जुनी घेतलीत तर आठ वर्षांपुढच्या मालगाडीला दर वर्षी फिटनेस लागतो, तो खर्च धरून ठेवा. आणि गॅरेजमधून काढलेला जुना पार्ट मागून घ्या. भांडण म्हणून नाही. हातात घेतला की कळतं काय झिजलंय ते.

परवा गाडी निघताना खालून खट् आवाज आला, एकदाच, मग नाही. वहीत लिहिलं आणि मिस्त्रींना फोनवर तसंच्या तसं वाचून दाखवलं. म्हणाले, मागच्या शाफ्टचा क्रॉस झिजलाय, ग्रीस कमी पडलं असेल. घेऊन या, तासाभराचं काम आहे, पण तोवर माल भरू नका.

क्रॉस कालच आणून ठेवलाय. उद्या बसवायचा आहे. म्हणून तर आज रेडिओवर बोलायला मी एसटीने आले.